लिनक्सवर गेम कंट्रोलर चालेना? आधी केबल बघा

कंट्रोलर जोडला, दिवा लागला, गेम उघडला आणि पडद्यावरचा गडी जागचा हलेना. अशा वेळी हात पहिल्यांदा गेमच्या सेटिंग्जकडे जातो. तो जरा आवरा. बटण दाबल्याचा इशारा आधी केबलमधून कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) जातो, तिथून डिव्हाइस फाइलमध्ये (उपकरणाचा इशारा जिथून वाचता येतो ती फाइल) आणि मग गेमपर्यंत. बिघाडही त्याच क्रमाने शोधायचा.

(इथल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

१. केबल

मी एकदा दोन रात्री ड्रायव्हर उलटेपालटे करण्यात घालवल्या. दोष निघाला पॉवर बँकेसोबत आलेल्या केबलचा. तिच्यात फक्त चार्जिंगच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्याच! म्हणून दिवा लागला यावर जाऊ नका. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर घेता येतात तीच वापरा आणि हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावा.

आता ‘एलएसयूएसबी’ चालवा, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दिसेल. कंट्रोलर काढून पुन्हा लावल्यावर यादीत कोणती ओळ वाढते ते बघा. ओळीतल्या आयडीचा पहिला भाग कंपनी सांगतो: 045ई म्हणजे मायक्रोसॉफ्ट, 054सी म्हणजे सोनी, 057ई म्हणजे निन्टेन्डो. ओळ दिसतच नसेल तर केबल, पोर्ट किंवा खुद्द कंट्रोलर यांतलं काहीतरी गेलं आहे. सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

२. कर्नल

‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ चालू ठेवून कंट्रोलर लावा. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं, आणि डीएमईएसजी कर्नलचे संदेश दाखवतं. वायरवाल्या एक्सबॉक्स कंट्रोलरचा ‘एक्सपॅड’ ड्रायव्हर कर्नलमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे. प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्ससाठी सोनीचा अधिकृत ड्रायव्हर मात्र कर्नलच्या 5.12 आवृत्तीत आला आणि निन्टेन्डो स्विचच्या कंट्रोलरचा 5.16 मध्ये. ‘यूनेम -आर’ने आपली आवृत्ती तपासा. जुनी असेल तर कर्नल अद्ययावत करणं हाच उपाय.

स्वस्तातल्या बिनानावाच्या पॅडची तऱ्हा वेगळी. त्यांत दोन-तीन मोड असतात. एका मोडमध्ये ते स्वतःला एक्सबॉक्स 360 म्हणवतात (045ई:028ई), दुसऱ्यात साधी जॉयस्टिक, तिसऱ्यात अँड्रॉइडचा पॅड. डीएमईएसजीमध्ये जोडला, तुटला, वेगळ्याच नावाने पुन्हा जोडला असं दिसलं तर पॅडने मोड बदलला असं समजा. बऱ्याच पॅडवर मधलं होम बटण काही सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो. एक्सबॉक्सचा मोड निवडा, गेमना तोच सर्वांत ओळखीचा.

३. गेमशिवाय चाचणी

डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जॉयस्टिक’ करून ‘जेएसटेस्ट /डेव्ह/इनपुट/जेएस0’ चालवा. बटणं दाबली, अंगठ्याने फिरवायच्या काड्या (स्टिक) फिरवल्या की आकडे बदलायला हवेत. सुडो लावल्यावरच आकडे हलत असतील तर अडचण परवानगीची आहे. तेवढ्यासाठी अख्खा गेम सुडोने चालवण्याचा आगाऊपणा करू नका. ‘स्टीम-डिव्हाइसेस’ हे पॅकेज टाका, त्यात बहुतेक कंट्रोलरचे युडेव्ह नियम (उपकरण कोणाला वापरता येईल ते ठरवणारे) असतात. मग कंट्रोलर काढून पुन्हा लावा.

काडीला हात न लावता आकडा शून्याच्या आसपास असावा. टोकाला तो 32767 पर्यंत जातो. काडी सोडल्यावरही तो चार-पाच हजारांवर अडकत असेल तर काडी झिजली आहे. गेममधला डेडझोन (काडीची जेवढी हालचाल गेम सोडून देतो ती मर्यादा) वाढवून काही महिने निभतं.

४. ब्लूटूथ

वायरवर चालतो, ब्लूटूथवर नाही, अशी तक्रार असेल तर जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा. ड्युअलशॉक 4 वर शेअर आणि पीएस, ड्युअलसेन्सवर क्रिएट आणि पीएस ही बटणं दिवा भराभर लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरा. मग टर्मिनलमधल्या ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये आधी स्कॅन ऑन, त्यानंतर कंट्रोलरचा दिसलेला पत्ता देऊन पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट. ट्रस्ट बरेच जण विसरतात आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोलर ओळख दाखवत नाही.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर सारखा जोडला-तुटला करत असेल तर त्याचं फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. त्यासाठी लागणारं मायक्रोसॉफ्टचं अधिकृत ॲप विंडोजवर किंवा एक्सबॉक्सवर चालतं, लिनक्सवर नाही, म्हणजे कुणाचा तरी लॅपटॉप तासभर मागून आणणं आलं. तरीही जमलं नाही तर ब्लूटूथवरच्या एक्सबॉक्स कंट्रोलरसाठीचा ‘एक्सपॅडनिओ’ ड्रायव्हर बसवून बघा.

५. आता गेम

चाचणीत सगळं ठीक आणि गेममध्येच गडबड असेल तर संशय स्टीम इनपुटवर (स्टीम या गेमच्या ॲपमधली कंट्रोलर सांभाळणारी सोय) घ्या. एक बटण दाबलं की दोनदा लागतं, कारण काही गेम खरा कंट्रोलर आणि स्टीमने तयार केलेला आभासी कंट्रोलर असे दोन्ही वाचतात. त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कंट्रोलरखाली स्टीम इनपुट बंद करून बघा. उलट कंट्रोलर अनोळखी असेल तर तेच चालू केल्याने काम होतं.

गेम फ्लॅटपॅकमधून (ॲप बंदिस्त ठेवून चालवणारी पॅकेज पद्धत) घेतला असेल तर त्याला बाहेरची उपकरणं दिसत नसण्याची शक्यता असते. फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलणारं फ्लॅटसील ॲप उघडा, तो गेम निवडा, सर्व उपकरणांची परवानगी द्या आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा.