घरी ॲस्टरिस्क बसवताय? या चुका टाळा

एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर टाकायचं, खोल्यांमध्ये नेटवर्कवर चालणारे आयपी फोन ठेवायचे, मोबाइलवर लिनफोनसारखं कॉलिंगचं ॲप घ्यायचं आणि बाहेर बोलण्यासाठी एखाद्या सिप सेवादाराची, म्हणजे इंटरनेटवरून फोनलाइन देणाऱ्या कंपनीची लाइन जोडायची. एवढ्यावर घराचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज उभं राहतं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ॲस्टरिस्क लिहायला घेतलं, आणि आज हे सॉफ्टवेअर कोणालाही फुकट वापरता येतं. ॲस्टरिस्क ब्राउझरमधून चालवू देणारं फ्रीपीबीएक्सचं वेब पॅनेल घेतलं तर फाइलींना हात लावायचीही फारशी गरज पडत नाही. तरीही ‘आवाज एकाच बाजूने येतो’, ‘अर्ध्या मिनिटात फोन कट होतो’, ‘बाहेरून कॉलच येत नाहीत’ या तक्रारी सगळीकडे सारख्याच ऐकू येतात, आणि लोक ॲस्टरिस्क पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. दोष मात्र बहुतेक वेळा राउटरपाशी असतो.

तो समजण्यासाठी आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. फोन वाजवणं, उचलणं, ठेवणं हे सगळं सिप नावाचा प्रोटोकॉल ठरवतो आणि त्यासाठी साधारणपणे ५०६० हे पोर्ट वापरतो. बोलण्याचा आवाज त्या वाटेने जातच नाही. तो आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पॅकेटांमधून, वेगळ्या पोर्टांवरून जातो. ॲस्टरिस्कच्या नमुना फाइलीत त्यासाठी १०००० ते २०००० हा पल्ला दिलेला असतो. फोन वाजला, उचलला गेला, पण आवाज आला नाही, तर सिपची वाट मोकळी आहे आणि आरटीपीची अडली आहे एवढं तिथल्या तिथे कळतं.

सगळं एकाच दिवशी जोडू नका

फोन, सेवादाराची लाइन, बाहेरचा मोबाइल आणि व्हॉइसमेल असं सगळं एकदम लावलं की बिघाड कुठे आहे ते शोधता येत नाही. आधी घरातल्याच वाय-फायवर दोन सॉफ्टफोन (लिनफोनसारखी ॲप) जोडा आणि एकमेकांना फोन करा. मग इको टेस्ट घ्या; फ्रीपीबीएक्समध्ये तारा दाबून ४३ लावलं की आपलाच आवाज परत ऐकू येतो. हे नीट चाललं की सेवादाराची लाइन जोडा. घराबाहेरून चालणारा मोबाइल सर्वांत शेवटी, कारण सगळ्यात जास्त गुंता तिथेच आहे.

जुनी माहिती वाचून फाइली भरू नका

नेटवरचे कितीतरी धडे चॅन-सिप या, ॲस्टरिस्कमध्ये सिप हाताळणाऱ्या जुन्या ड्रायव्हरसाठी लिहिलेले आहेत. पीजेसिप हा नवा ड्रायव्हर ॲस्टरिस्क १२ पासून आला, आणि २१ व्या आवृत्तीत चॅन-सिप काढूनच टाकला गेला. ‘सिप डॉट कॉन्फ’ उघडा असं सांगणारा धडा दिसला की तो बंद करून नवा शोधा.

पीजेसिपमध्ये एकाच फोनची माहिती एंडपॉइंट (फोनची सेटिंग), ऑथ (नाव-पासवर्ड) आणि एओआर (फोन कुठे सापडेल त्याची नोंद) अशा तीन भागांत लिहावी लागते, आणि हाताने फाइल लिहिणारे इथेच अडकतात. एओआरमधल्या ‘मॅक्स काँटॅक्ट्स’चं मूळ मूल्य शून्य असतं. ते १ किंवा अधिक केलं नाही तर पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हरकडे फोन नोंदवला जात नाही आणि ४०३ हे नकाराचं उत्तर येतं. एओआरचं नाव फोनमध्ये भरलेल्या नावाशी जुळत नसेल तर ४०४ येतो. फोन लागता लागता ४८८ दिसला तर दोन्ही बाजूंचा समान कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) सापडलेला नाही, किंवा एका बाजूला एन्क्रिप्टेड आवाज हवा आहे आणि दुसरीला नको आहे.

लॉगमध्ये ४०१ दिसला म्हणून मात्र घाबरू नका. पहिला ४०१ नेहमीचाच असतो: सर्व्हर ओळख मागतो, फोन पासवर्डवरून तयार केलेलं उत्तर देतो आणि मग २००, म्हणजे होकार येतो. ४०१ मागून ४०१ येत राहिले तरच पासवर्ड तपासा.

एकाच बाजूने आवाज

घरचा राउटर आतल्या सगळ्या यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतो. यालाच नॅट म्हणतात. ॲस्टरिस्कला हे आपोआप कळत नाही. ते समोरच्याला ‘आवाज १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर पाठव’ असं सांगतं, आणि त्या पत्त्याला घराबाहेर काही अर्थ नसतो. समोरच्याचा आवाज मग तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

त्यावर उपाय म्हणजे पीजेसिपच्या फाइलीतल्या ट्रान्सपोर्ट (जोडणी कशी करायची) या भागातल्या तीन ओळी: ‘एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस’ आणि ‘एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस’ यांत घराचा बाहेरचा पत्ता, आणि ‘लोकल नेट’मध्ये घरातलं नेटवर्क. त्याखेरीज एंडपॉइंटवर ‘डायरेक्ट मीडिया’ बंद ठेवा, ‘आरटीपी सिमेट्रिक’ चालू ठेवा, आणि नॅटच्या पलीकडून येणाऱ्या फोनांसाठी ‘रीराइट काँटॅक्ट’ही चालू करा. फ्रीपीबीएक्समध्ये पत्त्यांचं हेच काम सिप सेटिंग्जच्या पानावर होतं. इथे एक खाचखळगा आहे: ट्रान्सपोर्टमधले बदल नुसत्या रिलोडने लागू होत नाहीत. ॲस्टरिस्क पूर्ण रीस्टार्ट करावं लागतं. अचूक बदल करूनही काही फरक पडला नाही म्हणून लोक ते पुसून टाकतात आणि चुकीच्या दिशेने निघतात.

मग राउटर उघडा आणि ‘सिप एएलजी’ बंद करा. सिपच्या मदतीसाठी म्हणून दिलेली ही सोय जाणाऱ्या पॅकेटांमधले पत्ते परस्पर बदलते, आणि बऱ्याच राउटरमध्ये ती इतकी वाईट लिहिलेली असते की बरोबर लावलेली यंत्रणाही तिच्यामुळे बिघडते. कुठल्याही तक्रारीत मी पहिल्यांदा हीच खूण तपासायला सांगेन.

पोर्ट उघडूनही (म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून आलेलं सर्व्हरकडे पाठवायला राउटरला सांगूनही) बाहेरून काहीच आत येत नसेल तर राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पल्ल्यात सुरू होत असेल तर इंटरनेट सेवादारानेच तुम्हाला आणखी एका नॅटमागे ठेवलं आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी फळ नाही. सिप सेवादाराची लाइन तरीही चालते, कारण नोंदणी घरातून बाहेर जाते. अडतो तो बाहेरचा मोबाइल. त्यासाठी सार्वजनिक पत्ता असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवून वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा करणं हा भरवशाचा मार्ग आहे. मात्र त्या बोगद्याचं नेटवर्कही ‘लोकल नेट’मध्ये लिहायला विसरू नका. नाहीतर ॲस्टरिस्क बोगद्यातून आलेल्या फोनलाही बाहेरचा पत्ता सांगतं आणि पुन्हा आवाज गायब.

घड्याळ बघा: ३२ सेकंद, १५ मिनिटं

कॉल किती वेळाने तुटतो हे मोजलं की निदान निम्म्यावर येतं.

उचलल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कारण सिपच्या नियमांतच आहे. फोन उचलला की उचलणारी बाजू २०० ओके पाठवते आणि पलीकडून एसीके नावाची पोच येण्याची वाट बघते. ही वाट बघण्याची मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद असते. तेवढ्यात पोच आली नाही तर कॉल मोडला जातो. लॉगमध्ये तोच २०० ओके पुन्हा पुन्हा गेलेला दिसेल. त्यातली काँटॅक्टची ओळ वाचा. तिथे घरातला पत्ता असेल तर पोच भलतीकडे जाते आहे, आणि वर सांगितलेल्या ‘एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस’कडे परत जायचं आहे.

१५ मिनिटांनी तुटणाऱ्या कॉलचं कारण वेगळं. सेशन टायमर बहुधा १८०० सेकंदांचा असतो आणि निम्मा वेळ गेला की दोन्हींपैकी एक बाजू ‘आहात ना’ असं विचारते. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की कॉल संपतो. इथेही बहुतेक वेळा नॅट किंवा तेच एएलजी.

कॉल जातात पण थोडा वेळ शांत गेला की आत येणं बंद होतं, ही तिसरी तऱ्हा. यूडीपीसाठी (सिप बहुधा ज्यावरून पॅकेटं पाठवतो त्या पद्धतीसाठी) राउटरने उघडलेली वाट वापरात नसली की काही वेळाने मिटते. कित्येक राउटर अर्ध्या मिनिटातच ती मिटवतात. नोंदणी तासाभराची असते, म्हणून पॅनेलवर सगळं हिरवं दिसतं आणि फोन मात्र वाजत नाही. मधूनमधून चौकशीचं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवणारी ‘क्वालिफाय फ्रीक्वेन्सी’ मूळात शून्य, म्हणजे बंद असते. ती २५-३० सेकंदांवर आणा, फोनसाठी आणि सेवादाराच्या लाइनसाठीही.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर एसएनग्रेप हे छोटं साधन टाकून घ्या. प्रत्येक कॉलमधला सिपचा संवाद ते बाणांच्या आकृतीत दाखवतं. ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर ‘आरटीपी सेट डीबग ऑन’ लिहिलं की आवाजाची पॅकेटं येताहेत की नुसती जाताहेत तेही दिसतं. अंदाजाने सेटिंग बदलत राहण्यापेक्षा या दोन्हींपुढे बसून घालवलेला वेळ कितीतरी जास्त कामाचा असतो.

५०६० जगासाठी उघडं ठेवणं

या चुकीची किंमत पैशांत मोजावी लागते, म्हणून तिच्याबद्दल मी कळकळीने सांगतो आहे. ५०६० इंटरनेटवर उघडं ठेवलं की उघडी पोर्टं शोधत फिरणारे हल्लेखोरांचे प्रोग्राम ते लवकरच हुडकून काढतात. लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून १००, १०१, १०२ अशा एक्स्टेन्शनवर नोंदणीचे प्रयत्न दिसू लागतात. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असला तर हल्लेखोर काही क्षणांत आत येतात, आणि मग तुमच्या लाइनवरून महागड्या परदेशी क्रमांकांवर कॉल सुरू होतात, शक्यतो घरचे झोपलेले असताना किंवा सुट्टीच्या दिवशी. त्या क्रमांकांच्या कमाईत त्यांचा वाटा असतो. बिल तुमच्या नावावर येतं.

म्हणून ५०६० फक्त सेवादाराच्या पत्त्यांसाठी उघडा. नुसती नोंदणी करून चालणाऱ्या लाइनला बहुतेकदा तेही लागत नाही. बाहेरचे फोन बोगद्यातून आणा. पासवर्ड लांब आणि यंत्राने तयार केलेले ठेवा, ते माणसाला पाठ असायची गरज नाही. वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पत्त्यांना अडवणारं फेल-टू-बॅन चालू ठेवा. पोर्टचा क्रमांक बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, संरक्षण मिळत नाही.

डायलप्लॅनमध्येही, म्हणजे कोणता कॉल कुठे न्यायचा याच्या नियमांमध्येही एक भोक राहतं. बाहेरून येणारे कॉल ज्या काँटेक्स्टमध्ये (नियमांच्या गटात) उतरतात, तिथून बाहेर फोन लावायची वाट असता कामा नये. अनोळखी कॉल स्वीकारणं बंद ठेवा. आणि सेवादाराकडे जाऊन तीन गोष्टी करा: प्रीपेड खातं घ्या, आपोआप रिचार्ज बंद करा, लागत नसतील ते परदेशी देश बंद करा. घरातली सगळी कुलुपं तुटली तरी नुकसान खात्यातल्या शिलकेपुरतंच राहील.

वेब पॅनेल तर कधीच उघडं ठेवू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रीपीबीएक्समधल्या एका त्रुटीचा वापर करून, ज्यांचं प्रशासकीय पॅनेल इंटरनेटवर उघडं होतं अशा यंत्रणांवर हल्ले झाले, तेही दुरुस्ती उपलब्ध होण्याच्या आधीच.

आवाज तुटतो, बटणं लागत नाहीत

जी.७११ कोडेकला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, पॅकेटांचं वेष्टन धरून प्रत्येक दिशेला ८० ते ९०. आजच्या जोडणीला हे काहीच नाही, म्हणून आवाज तुटतो तेव्हा प्लॅन वाढवून उपयोग होत नाही. कोणीतरी फोटोंचा बॅकअप सुरू करतं, अपलोडची रांग फुगते आणि आवाजाची पॅकेटं रांगेत अडकतात. राउटरमध्ये एसक्यूएम ही रांग आवरणारी सोय असेल तर ते चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवा. टेबलावरचे फोन केबलवर असू द्या.

बँकेच्या मेनूत ‘१ दाबा’ म्हटल्यावर काही होत नसेल तर डीटीएमएफची, म्हणजे दाबलेली बटणं पलीकडे पोचवण्याची पद्धत फोन, ॲस्टरिस्क आणि सेवादार अशा तिन्हीकडे आरएफसी ४७३३ ठेवा. काही फोनांच्या सेटिंगमध्ये तीच जुन्या २८३३ या क्रमांकाने दिसते.

वीज गेली तर

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्सचेंजमधून मिळायची. ही यंत्रणा घरच्या विजेवर चालते. सर्व्हरला यूपीएस लावून राउटर आणि फायबरचा डबा साध्या सॉकेटवर ठेवला तर काही साधत नाही. फोनला वीज पुरवणाऱ्या स्विचसकट सगळी साखळी यूपीएसवर हवी.

तातडीच्या सेवांचा क्रमांक बाहेर जाणाऱ्या मार्गाच्या नमुन्यात (कोणते क्रमांक बाहेर लावू द्यायचे या नियमात) बसतो का ते आजच बघा. लांब क्रमांकांसाठी लिहिलेल्या नमुन्यातून तीन आकडी क्रमांक सहज निसटतो. तुमचा सेवादार असे कॉल पोचवतो का आणि तुमचा पत्ता त्याच्याकडे बरोबर नोंदलेला आहे का हे विचारून घ्या. चाचणीसाठी खरा क्रमांक लावू नका. काही सेवादार त्यासाठी वेगळा क्रमांक देतात. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर चार्ज केलेला मोबाइल हाताशी ठेवायला सांगा.

आणि एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. सर्व्हर राउटरच्या आधी जागा झाला तर नोंदणीचे सुरुवातीचे प्रयत्न फुकट जातात. पीजेसिप मूळ सेटिंगवर दर मिनिटाला एक असे दहाच फेरप्रयत्न करतं आणि मग गप्प बसतं. नेट त्यानंतर आलं तर कोणाला कळेपर्यंत लाइन बंदच राहते. ‘मॅक्स रिट्राइज’ काही हजारांवर न्या.