जुन्या जर्मन संगिनीवरचे पलटणीचे ठसे : या चुका टाळा

कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातली जर्मन संगीन हातात आली की पहिली धाव असते ती आकड्यांकडे. एखादा आकडा दिसला की तो रेजिमेंटचा ठरवून माणूस मोकळा होतो. निम्म्याहून जास्त घोटाळे इथेच होतात. आकडा काय आहे याच्या आधी तो कुठे ठोकलाय ते बघा.

पात्याच्या पाठीवर, मुठीला लागून मुकुट, त्याखाली डब्ल्यू आणि त्याखाली 15 दिसले, तर ती 15 वी रेजिमेंट नव्हे. डब्ल्यू म्हणजे प्रशियाचा राजा विल्हेल्म, 15 म्हणजे 1915 साल. लष्कराने संगीन स्वीकारली तेव्हाचा हा ठसा. जर्मन साम्राज्यातले घटक राज्य बदलले की अक्षरही बदलते : सॅक्सनीचा फ्रीड्रिख आउगुस्ट असेल तर एफए, बव्हेरियाचा ओटो असेल तर ओ. मुकुटाखाली एकच गॉथिक वळणाचे अक्षर असेल तर ते तपासनिसाचे. मुठीलगत पात्याच्या चपट्या भागावरचे नाव कारखान्याचे. यातल्या कशाचाही पलटणीशी संबंध नाही. पलटणीचा ठसा शोधायचा तो मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या पट्टीवर आणि म्यानाच्या तोंडाजवळच्या धातूवर.

तो सापडला की पुढची चूक वाचनाच्या क्रमाची. समजा पट्टीवर '106.आर.5.85' आहे. पहिला आकडा रेजिमेंटचा, आर म्हणजे पायदळाची रेजिमेंट, 5 ही कंपनी आणि 85 हा त्या कंपनीतला हत्याराचा क्रमांक. उलटे वाचले तर ही संगीन थेट होल्स्टाइनच्या 85 व्या रेजिमेंटच्या खात्यात जाते. 106 वी मात्र सॅक्सनीची, लाइपझिगची. अशा वेळी पात्याची पाठ उपयोगी पडते. तिथे एफए असेल तर दोन्ही ठसे एकमेकांना दुजोरा देतात. डब्ल्यू असेल तर लगेच नकली म्हणू नका, पण बाकीचे ठसे जास्त बारकाईने तपासा.

सुरुवातीचा 'बी', म्हणजे बव्हेरियाचे अक्षर, झिजलाय का, हे भिंगाखाली जरूर बघा. प्रशिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग यांच्या रेजिमेंटचे क्रमांक एकाच मालिकेतले होते, बव्हेरियाने मात्र आपली मालिका वेगळी ठेवली. त्यामुळे 'बी.16.आर.' ही पासाऊची पलटण आणि नुसते '16.आर.' ही कोलोनची. एक टिंब, एक अक्षर पुसले गेले की संगीन देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते.

अक्षराचे वळणही सोडून चालणार नाही. ठसे ठोकण्याचे नियम 1877 आणि 1909 असे दोनदा निघाले आणि काही ठिकाणी वळणदार अक्षराचा अर्थ साध्या छापील अक्षराहून वेगळा होतो. इंटरनेटवरचा तक्ता कोणत्या नियमाचा आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

पट्टीवर दोन ठसे असतील आणि एकावर काट मारलेली असेल, तर संगीन एका पलटणीतून दुसरीकडे गेली. काट मारलेला ठसाही टिपून ठेवा, तिचा प्रवास त्यातूनच कळतो. म्यानावरचा ठसा वेगळा निघाला तर म्यान कधीतरी बदलले गेलेय. ठसाच नसेल तर? पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ठसे ठोकणे मागे पडले, त्यामुळे कोऱ्या पट्टीची संगीनही अस्सल असू शकते.

करवतीसारखे दात दिसले की ती पायोनियर दलाची (खंदक, पूल बांधणाऱ्या सैनिकांची), हा समजही खूप पसरलाय. दातांच्या संगिनी पायदळातही दिल्या जात. निर्णय ठशावर करा, दातांवर नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या 84/98 नमुन्याच्या जर्मन संगिनीवर चार अंकी क्रमांक आणि त्याखाली छोटे अक्षर असते. तो उत्पादनाचा क्रमांक, पलटणीचा नव्हे. म्यानावरही तोच असायला हवा, एवढेच तपासा.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतला लढलेल्या मराठा पलटणींमुळे आपल्याकडे एखाद्या घरी तिथली संगीन असेल, तर जर्मन कारखान्याचे नाव पाहून तिला जर्मन ठरवू नका. ऑटोमन तुर्कांनी जर्मनीतून संगिनी बनवून घेतल्या होत्या. अरबी लिपीतली अक्षरे आणि आकडे शोधा.

आणि गंज दिसला म्हणून तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. आडव्या पट्टीवरचा ठसा मुळात उथळ असतो, एकदा घासला गेला की संपला. हलके तेल लावून रात्रभर ठेवा, मऊ कापडाने पुसा, खाचेतली घाण लाकडी टूथपिकने काढा. मग अंधाऱ्या खोलीत बाजूने, अगदी तिरका टॉर्च धरून फोटो काढा आणि टॉर्चची बाजू बदलून पुन्हा काढा. एका बाजूने 3 वाटणारा आकडा दुसऱ्या बाजूने 8 निघतो. खाचेचा तळ चकचकीत आणि भोवतालचे पोलाद मात्र काळवंडलेले दिसले, तर तो ठसा अलीकडे कुणीतरी ठोकलाय. दुर्मीळ पलटणीच्या नावाने जादा पैसे मोजण्याआधी ही तपासणी कराच.