बाबांच्या जुन्या जागा बघायला निघताना

बाबा ८३ वर्षांचे, आत्या ७९ ची, माझी मुलगी १४ ची आणि मुलगा ८ वर्षांचा. आम्ही दोघं नवराबायको धरून गाडीत सहा माणसं. घराण्याच्या जुन्या जागा बघत फिरायचा प्रवास आम्ही दोनदा केला. पहिला फसला, दुसरा साधला. हा प्रवास ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणत कितीतरी घरांत राहून जातो, म्हणून जे जमलं ते सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी मी नकाशा पुढ्यात घेतला आणि दोन दिवसांत सहा ठिकाणं बसवली. जन्मघर, शाळा, आजोबांचं ऑफिस, दोन भाड्याची घरं, बाबांची पहिली नोकरी. चौथ्या ठिकाणी बाबा उतरलेच नाहीत. “तुम्ही बघून या, मी बसतो इथेच.” मला वाटलं, दमले असतील. पण ते तिसऱ्या ठिकाणीच अडकले होते. मन तिथून निघालंच नव्हतं आणि मी मात्र घड्याळ बघत होते. दुसऱ्या वेळी दिवसाला दोनच ठिकाणं ठेवली, एक सकाळी आणि एक उन्हं उतरल्यावर. मधला वेळ मोकळा. वाटेत तिसरं लागलं, तर गाडी हळू करायची, उतरायचं नाही.

आता ठिकाणं कोणती निवडायची? आपण हटकून जन्मघरापासून सुरुवात करतो. पण मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं, की उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी इतर काळापेक्षा जास्त आठवतात. बाबांनी जन्मघर चौथ्या वर्षी सोडलं होतं. त्यांना तिथलं काहीच आठवत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ज्या खोलीत ते दोन मित्रांबरोबर राहिले, ती माझ्या यादीतच नव्हती. म्हणून ‘कुठे जायचं?’ असं विचारू नका. ‘सायकलवरून रोज कुठून कुठे जायचात?’, ‘पहिला पगार घेऊन आधी कुठे गेलात?’ असं विचारा. यादी आपोआप तयार होते.

दुसरा प्रश्न प्रत्येक थोरल्या माणसाला एकटं गाठून विचारायचा: कुठे जायचं नाही? हा प्रश्न पहिल्या वेळी मला सुचलाच नाही, याचं आजही वाईट वाटतं. दुसऱ्या वेळी आत्या लगेच म्हणाली, “शाळेच्या रस्त्याने नको.” कारण विचारलं नाही. वीस मिनिटांचा वळसा पडला, तो घेतला.

तब्येतीचं थोडक्यात सांगते, पण ते गंभीरपणे घ्या. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला, की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. एरवी हा धोका कमीच असतो, पण वय, आधीचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनी तो वाढतो. आम्ही दर दीड तासाला थांबायचो आणि बाबा-आत्या दोघांनाही पाच मिनिटं चालायला लावायचो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, पण बर्फाला चिकटून नाही; गोठलं की वाया गेलं. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेनसुद्धा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, आपल्याबरोबर खाली न्या. पोरांना गाडी लागते, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘हलतोय’ म्हणते आणि मोबाईलवर खिळलेले डोळे ‘स्थिर आहे’ म्हणतात. स्क्रीन काढून घ्या, लांब रस्त्याकडे बघायला सांगा.

जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहत असेल, तर सहा जणांनी एकदम दार वाजवायचं नाही. आधी निरोप पाठवा. निरोप पोचला नाही, तर एकानेच पुढे जावं, बरोबर घराच्या जुन्या फोटोची एक प्रत न्यावी आणि ती त्यांना देऊन टाकावी. फोटो बघितल्यावर बहुतेक माणसं स्वतःच आत बोलावतात. नाही बोलावलं, तर आभार मानून परत फिरा. ते त्यांचं घर आहे.

आमचं घर तर उरलंच नव्हतं. तिथे चार मजली इमारत उभी होती आणि बाबा नुसतेच वर बघत राहिले. अशा वेळी जुना फोटो फार कामाला येतो. आमच्या फोटोत आजी फाटकाच्या दगडी खांबाशी उभी आहे आणि मागे लांबवर पाण्याची टाकी दिसते. खांब आणि टाकी दोन्ही अजून जागेवर होती. फोटोत टाकी खांबाच्या उजवीकडे बोटभर अंतरावर आहे. मुलगी फोटो समोर धरून डावी-उजवीकडे सरकत राहिली, तेवढंच अंतर दिसेपर्यंत. मग मागेपुढे. मागे सरकलं की जवळचा खांब झपाट्याने लहान होतो, लांबची टाकी जवळपास तेवढीच राहते; दोघांचं प्रमाण फोटोतल्यासारखं झालं, की जागा सापडली. तरी काहीतरी चुकत होतं. मग आत्याला आठवलं, की आजोबांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा होता. फोन धाकट्याच्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून सगळं तंतोतंत जुळलं. आजोबांनी कॅमेरा जिथे धरला होता, तिथेच फोन धरून तो उभा होता, आणि बाबा आपण होऊन चालत खांबापाशी, आजीच्या जागी जाऊन थांबले.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गोष्ट त्या जागी बाहेर येत नाही, निघाल्यावर गाडीत येते. जागेवर माणूस बघत असतं. त्याच्या तोंडापुढे फोन धरून “बाबा, सांगा ना” म्हटलं, की दोन वाक्यांत विषय संपतो. गाडीत सगळ्यांची नजर रस्त्यावर असते, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, आणि अर्ध्या तासाने आपसूक सुरू होतं. म्हणून बसायच्या जागा आधी ठरवा. आम्ही बाबा आणि आत्याला मधल्या सीटवर शेजारी बसवलं आणि मुलीला त्यांच्या बाजूला. गाणी बंद, काचा वर. रेकॉर्डिंग करतोय हे सकाळीच सांगून परवानगी घ्यायची, फोन विमान मोडवर टाकून दोघांच्या मध्ये ठेवायचा आणि विसरून जायचं. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. येऊ दे.

बहीणभावांचं जुळत नाही, तिथे न्याय करायला जाऊ नका. बाबा म्हणाले, जिना डावीकडे होता. आत्या म्हणाली उजवीकडे, चौदा पायऱ्या, सातवी हलायची. मी नकाशा काढून ठरवायला गेले असते, तर सातव्या पायरीची गोष्ट गेली असती. आजोबा रात्री उशिरा आले, की त्या पायरीच्या आवाजावरून आजी उठायची.

मुलं कंटाळतील ही भीती बाळगू नका, पण त्यांना नुसतं ऐकायलाही लावू नका. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी घराण्याच्या माहितीवर २० प्रश्न काढले होते. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत, त्यांचा आत्मविश्वासही जास्त दिसला. मात्र प्रश्नोत्तरं घोकून घेण्यात अर्थ नाही, हे ड्यूक यांनीच बजावलंय. घरात बोलणं चालू असतं, म्हणून उत्तरं येतात. आमच्याकडे मुलीकडे रेकॉर्डिंग होतं, धाकट्याकडे फोटो जुळवणं. दोघांनाही वेगळं समजवावं लागलं नाही.

घरी आल्यावर आठवड्याभरात सगळं एकदा ऐका, आवाज ताजे असतानाच. फाइलच्या नावात तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव घाला. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

दुसऱ्या प्रवासात शेवटच्या दिवशी, रेकॉर्डिंग बंद झाल्यावर, आत्याने शाळेच्या रस्त्याचं कारण सांगितलं. मुलीचा हात फोनकडे गेला, मी मानेनेच नको म्हटलं. रात्री मी वहीत चार ओळी लिहून तारीख घातली. त्या इतर फाइलींबरोबर ठेवायच्या की नाही, हे आत्या सांगेल.