ऑफिसच्या जागेचं क्लिनिक करताना: भिंत बंद होण्याआधीची कामं

ऑफिससाठी बांधलेली जागा क्लिनिकसाठी घेतली की सगळ्यात आधी यंत्रांची यादी करायची, नकाशा त्यानंतर. तपासणीचा बेड, ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र), लसींचा फ्रिज, डेंटल चेअर, एक्स-रे, कॉम्प्रेसर, जे काही येणार असेल त्या प्रत्येकाचा उत्पादकाने दिलेला इन्स्टॉलेशनचा कागद मागवा. त्यात मापं, वजन, वॅट, पाण्याची लाइन, ड्रेनचा व्यास आणि मागे-बाजूला सोडायची मोकळी जागा लिहिलेली असते. डेंटल चेअरच्या कागदावर तर जमिनीतून पाइप नेमके कुठे वर यायला हवेत हेही असतं. तिथे दोन-तीन इंच चुकले तर पाइप जंक्शन बॉक्सबाहेर येतात आणि नवी फरशी फोडावी लागते. रंग, लॅमिनेट, दिवे पुढेही बदलता येतात. भिंतीत आणि जमिनीत गाडलेलं मात्र बदलायचं तर क्लिनिक बंद ठेवावं लागतं. त्यामुळे वेळ आणि डोकं तिथेच जास्त खर्च करायचं.

आखणी जमिनीवर, खऱ्या मापाची

कागदावर प्रत्येक खोली ऐसपैस दिसते. म्हणून नकाशा पक्का करण्याआधी खडूने किंवा मास्किंग टेपने जमिनीवर पूर्ण मापात आखा, बेडच्या जागी पुठ्ठा टाका आणि फिरून बघा. डॉक्टर सहसा रुग्णाच्या उजव्या बाजूला उभं राहून तपासतात, तेव्हा बेडची ती बाजू मोकळी हवी. पुष्कळ ठिकाणी नेमकी तीच बाजू भिंतीला लावलेली असते. दार अशा बाजूला बिजागऱ्या लावून बसवा की अर्धवट उघडल्यावर पल्ला बेडला आडोसा करेल, बेडकडचं दृश्य खुलं करणार नाही.

व्हीलचेअर एका जागी वळायला 1500 मिमी व्यासाचं वर्तुळ लागतं. दारातून मोकळं अंतर 900 मिमी ठेवलेलं बरं. मोकळं म्हणजे पल्ला उघडल्यावर उरणारं, चौकटीचं माप नव्हे. पल्ल्याची जाडी आणि बिजागरी मिळून 40 ते 50 मिमी जातात, त्यामुळे सुताराला '900 चं दार' एवढंच सांगितलं की हातात साधारण 850 येतं. रुग्णांच्या टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत कोणी चक्कर येऊन दारालगत पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. रिसेप्शनच्या काउंटरचा एक भाग 860 मिमीपेक्षा उंच नको, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला मान वर न करता बोलता येतं. स्थानिक नियम यापेक्षा जास्त मागत असतील तर तेच धरा.

तोडफोड

जुन्या इमारतीत छताच्या टाइल, पाइपवरचं आवरण, विनाइलच्या जुन्या फरश्या आणि त्यांखालचा काळा गोंद यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. तोडायच्या आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण घण पडल्यावर ते हवेत गेलेलं असतं.

चालू क्लिनिकमध्ये टप्प्याटप्प्याने काम करायचं असेल तर धुळीकडे कचरा म्हणून बघू नका. जुन्या सीलिंगच्या वर साठलेल्या धुळीत बुरशीचे बीजकण असतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला त्यांतून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. कामाचा भाग जमिनीपासून थेट स्लॅबपर्यंत जाड प्लॅस्टिकने बंद करा. पडदा नुसता सीलिंगपर्यंत असेल तर धूळ वरच्या पोकळीतून पलीकडे जाते. एसीच्या जाळ्या झाका आणि हेपा फिल्टर (अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी) लावलेल्या पंख्याने आतली हवा बाहेर ओढत राहा, म्हणजे फटीतून हवा आत येईल, बाहेर जाणार नाही.

ड्रेन: खोल्या कुठे बसतील ते हाच ठरवतो

ऑफिसच्या इमारतीत पाण्याचा शाफ्ट (मजल्यांतून उभे पाइप नेणारी पोकळी) बहुधा टॉयलेटपाशी एकाच ठिकाणी असतो. क्लिनिकला मात्र प्रत्येक तपासणीच्या खोलीत हात धुवायचं बेसिन लागतं. लहान व्यासाच्या ड्रेनला 1:40 चा उतार धरला, म्हणजे मीटरला 25 मिमी, तर 6 मीटर अंतरावर 150 मिमी खोली लागते. खालच्या मजल्याच्या सीलिंगमधून पाइप न्यायची परवानगी नसेल तर एवढी जमीन उचलावी लागेल. 150 मिमी उचललेल्या जमिनीवर चढायला 1:12 च्या उताराचा रॅम्प 1.8 मीटर लांब होतो आणि पॅसेज त्यातच संपतो. यापेक्षा पाणी लागणाऱ्या खोल्या शाफ्टला लागून घ्या आणि डॉक्टरांची केबिन, बिलिंग, वेटिंग दूर ढकला. उतार कमी करून वेळ मारून नेऊ नका. पाणी निघून जातं, गाळ मागे राहतो आणि काही महिन्यांत लाइन तुंबते.

स्लॅबला भोक पाडायच्या आधी स्कॅन करून घ्या. पोस्ट-टेन्शन स्लॅबमधली (आतल्या पोलादी केबल ताणून मजबूत केलेल्या स्लॅबमधली) केबल कापली गेली तर इमारतीला धोका आहेच, शिवाय मशीन चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

बेसिनच्या नळाची धार थेट ड्रेनच्या जाळीवर पडता कामा नये. तिथले जंतू शिंतोड्यांबरोबर आजूबाजूला उडतात. नळ कोपराने चालणारा किंवा सेन्सरचा असावा. आणि जे बेसिन रोज वापरलं जाणार नाही ते लावूच नका. ट्रॅपमधलं, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या पाइपमधलं, वास अडवणारं पाणी सुकलं की गटाराचा वास खोलीत येतो आणि सगळे दोष एसीला देतात.

पार्टिशन

रुग्णाचं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू जाणं ही अशा कामांतली सर्वांत सामान्य तक्रार. भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवलेली असते आणि आवाज वरून पलीकडे उतरतो. तपासणी आणि कन्सल्टिंगच्या खोल्यांच्या भिंती स्लॅबपर्यंत न्या. जीआय स्टड, म्हणजे भिंतीच्या आतले पत्र्याचे उभे खांब, 600 मिमीवर, जड वस्तू टांगायची असेल तिथे 400 वर. मध्ये 50 मिमी ग्लासवूल, दोन्हीकडे 12.5 मिमी जिप्सम बोर्ड, शक्य असेल तर एका बाजूला दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. बोर्ड जमिनीपासून 10 मिमी वर ठेवा, नाहीतर पुसण्याचं पाणी तो शोषतो. खालच्या आणि वरच्या फटीत अकूस्टिक सीलंट भरा. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच पोकळीत बसवले तर ग्लासवूलचा खर्च पाण्यात. त्यांच्यात निदान एक स्टड मध्ये यायला हवा.

बोर्डाची दुसरी बाजू लावण्याआधी आत 18 मिमी प्लायचे पट्टे टाका. बेसिन, टॉयलेटचे आधारदांडे, मॉनिटरचा हात, भिंतीवरचा दिवा, ग्लोव्हजचे स्टँड हे सगळं यावर बसतं. आधारदांडा 850 ते 900 मिमी उंचीवर येतो, पण प्लाय 700 ते 1000 पर्यंत टाका, म्हणजे जागेवर थोडं वर-खाली करता येतं. नुसत्या जिप्समवर अँकर मारून लावलेला दांडा माणसाचं वजन पडल्यावर निघतो, आणि तो आधाराला धरणाऱ्याच्याच हातात येतो.

एक्स-रे असेल तर शिशाची जाडी अंदाजाने ठरवायची नाही. यंत्राचा वापर, अंतर आणि भिंतीपलीकडे कोण बसतं यावरून रेडिएशनचा तज्ज्ञ ती काढून देतो. शिसं सहसा जमिनीपासून 2.1 मीटरपर्यंत नेतात. चूक होते ती छिद्रांत: स्विचचा बॉक्स कापला की तिथलं शिसं गेलं. बॉक्सच्या मागे शिशाची चकती लावा, पत्र्यांचे सांधे एकमेकांवर चढवा आणि चौकटीपाशीही तसंच करा.

वीज आणि हवा

ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, कॉम्प्रेसर आणि एसी यांना स्वतंत्र सर्किट द्या, सॉकेटच्या सर्किटना 30 मिलिअँपिअरचं आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). लसींच्या फ्रिजला स्विच नसलेला पॉइंट किंवा झाकण असलेला स्विच हवा. रात्री सफाई करणाऱ्याने व्हॅक्यूम क्लीनर लावायला प्लग काढला की 2 ते 8 अंशांत ठेवायचा साठा सकाळपर्यंत वाया जातो. बेडच्या डोक्याशी किमान चार सॉकेट ठेवा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर लोळताना दिसला की समजायचं, इथे पॉइंट मोजताना कंजूषी झाली.

प्रकाशासाठी युरोपीय मानक ईएन 12464-1 तपासणीच्या खोलीत 500 लक्स आणि प्रत्यक्ष तपासणीच्या जागी 1000 लक्स मागतं. दिव्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 किंवा वर घ्या. कमी दर्जाच्या एलईडीखाली कावीळ किंवा पुरळ यांचा रंग नीट कळत नाही.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. हे माहीत नसल्यामुळे खोकणाऱ्या रुग्णांच्या बंद खोल्या तयार होतात. हिशेब सोपा आहे. 10 बाय 12 फुटांची, 9 फूट उंच खोली म्हणजे 1080 घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची धरली तर 6480 घनफूट, 60 ने भागून मिनिटाला 108 घनफूट. त्यातले दोन बदल ताज्या हवेचे धरले तर मिनिटाला 36 घनफूट हवा बाहेरून यायला हवी. टॉयलेट आणि वापरलेली उपकरणं धुवायची खोली यांतून हवा बाहेरच काढा, ती परत फिरवू नका. उपकरणांच्या खोलीत ओटा एकाच दिशेने चालवा: धुण्याचं सिंक, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी उपकरणं साफ करणारं यंत्र), सुकवणं, पॅकिंग, ऑटोक्लेव्ह, स्वच्छ साठा. ऑटोक्लेव्हच्या डोक्यावर कपाट नको, वाफेने लॅमिनेट सुटतं.

आता भिंत बंद करायची. त्याआधी पाण्याच्या लाइनला चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन रात्रभर ठेवा. काटा उतरला तर गळती आत्ताच शोधा. प्रत्येक भिंतीचा मापपट्टी लावलेला फोटो काढा आणि खोलीच्या नावाने जपून ठेवा. पाइप-केबल आगरोधक भिंतीतून जातात तिथली भोकं फायरस्टॉप सीलंटने भरा. साधा फोम तिथे चालत नाही.

फरशी आणि शेवटची फेरी

तपासणीच्या खोल्यांत 2 मिमीचं होमोजिनिअस विनाइल, कोपऱ्यात गोलाई देऊन भिंतीवर 100 मिमी चढवलेलं आणि सांधे गरम वेल्डिंगने बंद केलेले, हे पुसायला सर्वांत सोयीचं. बिघडतं ते घाईने. नवा स्क्रिड (फरशीखालचा सिमेंट-वाळूचा थर) चांगल्या हवेतसुद्धा दिवसाला साधारण 1 मिमी सुकतो, म्हणजे 50 मिमीला सात आठवडे. ओलावा मोजण्याच्या हायग्रोमीटरवर आर्द्रता 75 टक्क्यांपेक्षा जास्त असताना विनाइल चिकटवलं की महिन्याभरात फुगे येतात. मुदत कमी असेल तर ओलावा अडवणारा इपॉक्सीचा थर द्या. 2 मीटरची पट्टी ठेवून खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी सेल्फ-लेव्हलिंग करा, कारण विनाइल खालचा प्रत्येक खडा दाखवतं. चिकटवल्यावर 24 तास थांबा, मगच सांधे वेल्ड करा.

कंत्राटदाराचं शेवटचं बिल देण्याआधी एक दिवस राखून ठेवा. प्रत्येक ड्रेनमध्ये बादलीभर पाणी एकदम ओता आणि शेजारच्या ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो का ऐका. येत असेल तर व्हेंट (ड्रेनला हवा देणारा पाइप) कमी पडतोय. ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसर आणि सगळे एसी एकाच वेळी चालू करून तासभर ठेवा. एका खोलीत कोणाला तरी नेहमीच्या आवाजात वाचायला लावा आणि पलीकडे उभं राहा. शब्द कळत असतील तर सीलिंगची एक टाइल उचलून भिंत खरोखर स्लॅबपर्यंत गेली आहे का ते बघा. टॉयलेटच्या दाराखाली टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली जायला हवी. बाहेर फडफडली तर एक्झॉस्ट उलटा जोडलाय किंवा डक्ट कुठेतरी सीलिंगमध्येच सोडून दिलाय.