ऑफिसच्या खुर्चीतून वाचनसोबत: मुलांना ऑनलाइन वाचायला मदत कशी करावी

तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीनं शाहू जयंतीचा मुहूर्त धरून वाचनाचा उपक्रम सुरू केला. 26 जूनला बॅनर, केक, साठ जणांची नावं आणि राधानगरी तालुक्यातल्या एका शाळेशी व्हिडिओ कॉल, सगळं झकास झालं. जुलैत पावसानं रेंज गेली, ऑगस्टमध्ये ऑडिट आलं आणि गणपतीच्या सुमारास मोजलं तर आम्ही सात जण उरलो होतो. त्या सातांत मी टिकले यात माझी थोरवी काही नाही. माझ्या वाट्याचा पोरगा दर मंगळवारी सकाळपासून बाईंच्या मागं लागायचा, "आज ताईंचा फोन हाय न्हवं?" त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही सातच जणांनी नव्यानं मांडणी केली. ती अशी.

आधी माणसं कमी करा

एका टीममधले पाच-सात जण पुरे. प्रत्येकाला एकच मूल, फार तर दोन. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं, वार आणि वेळ ठरलेली, आणि हे निदान बारा आठवडे. एवढं जमणार नसेल त्यानं पुस्तकांचा खर्च उचलावा, तीही मदतच आहे. एकाच मुलासमोर दर वेळी नवा चेहरा आणू नका. त्याची भीड मोडायलाच चार कॉल जातात.

एचआरला एक गोष्ट सुरुवातीलाच सांगा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, खर्च दाखवताना पुस्तकं, टॅब, इंटरनेट यांचा विचार होऊ शकतो, पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची रुपयांत किंमत काढून ती त्यात धरता येत नाही. हे मार्च महिन्यात कळलं की साहेबांचा उत्साह एकदम मावळतो.

शाळेत एकदा तरी स्वतः जा

काम ऑनलाइन असलं तरी पहिली भेट प्रत्यक्ष. कोल्हापुरातून गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा ही काही लांबची गावं नव्हेत, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा जाऊन या. हेडसरांना आणि वर्गाच्या बाईंना विचारा, कुठली मुलं वाचताना मागं पडतात. हुशार पोरं पुढं करायचा मोह शाळेला होतो, ते गोडीनं टाळा. तुम्हाला तिसरी-चौथीतलं असं मूल हवं, जे फळ्यावरचं सुबक उतरवून घेतं पण उतरवलेलं वाचता येत नाही.

पालकांची लेखी संमती घ्या. कॉल शाळेच्या टॅबवर आणि बाई वर्गात असतानाच करा. घरून करायचाच तर मोठं माणूस शेजारी हवं. मुलाशी थेट नंबरांची देवाणघेवाण नको, स्क्रीनशॉट नको, त्याचा फोटो कंपनीच्या पेजवर तर नकोच. बोलता बोलता मूल घरातलं काही काळजीचं सांगून गेलं, तर स्वतः तपास करत बसू नका. बाईंना सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर सगळ्यांच्या वहीत पहिल्या पानावर असू द्या.

पहिल्या दिवशी फक्त पातळी बघा

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचं साधन 2005 पासून वापरात आहे आणि ते मराठीत मोफत मिळतं. अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच त्यात असतं. सुरुवात परिच्छेदापासून करा. नीट वाचला तर गोष्ट द्या. अडला तर शब्दांवर या, तेही जमले नाहीत तर अक्षरांवर. पाचांतले चार बरोबर आले की ती पातळी धरायची. पाच मिनिटांचं काम आहे. मुलाला 'परीक्षा' हा शब्द ऐकू देऊ नका.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला साठ शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य आहे. ते तुमच्या डोक्यात राहू दे. मुलासमोर घड्याळ लावलंत की ते शब्द गिळायला लागतं.

वीस मिनिटं कशी घालवायची

पहिली दोन मिनिटं गप्पा. जेवण काय झालं, म्हैस व्याली का, कुस्तीत कोण जिंकलं. मग मागच्या वेळचंच पान पुन्हा वाचू द्या. ते त्याला येत असतं, म्हणून आवाज मोठा निघतो. मधली दहा मिनिटं नव्या मजकुराची. पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर मजकूर जड आहे असं समजून खालची पातळी घ्या. शेवटी दोन मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, आणि गोष्ट ऐन मोक्याला थांबवा.

वर्गात बाई आणि मुलं एका सुरात वाचतात, ते कॉलवर चालत नाही. आवाज अर्धा सेकंद मागं पडतो आणि दोघांचा गोंधळ उडतो. एक ओळ तुम्ही, तीच ओळ त्यानं, असं करा. मूल अडलं की मनात पाचपर्यंत आकडे मोजा आणि तोवर तोंड बंद ठेवा. मीटिंगमध्ये शांतता झाली की आपण बोलून ती भरतो ना, तीच खोड इथं नडते. तुम्ही शब्द सांगता त्याच क्षणी त्यानं तो जुळवलेला असतो, आणि तुमचा आवाज त्याच्यावर जाऊन आदळतो.

मराठी कुठं अडवते

आमच्या पोराचं 'गर्दी' या शब्दापाशी घोडं अडलं. आधी "गदी" वाचलं, मग रफार दिसल्यावर "गदीर". चूक त्याच्या बाजूनं रास्त होती. रफार दिसतो शब्दाच्या शेवटी आणि म्हणायचा मात्र 'दी'च्या आधी. मी कागदावर 'गर् + दी' असं तोडून कॅमेऱ्यासमोर धरलं, मग 'सर्दी', 'वर्दी', 'दर्दी' ओळीनं दिले. तिसऱ्या शब्दाला तो हसला. पहिल्या वेलांटीचंही असंच आहे, ती अक्षराआधी दिसते आणि नंतर ऐकू येते. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहून दाखवा. गगनबावड्याच्या मुलाला दुसरा शब्द समजावावा लागत नाही, खिडकीबाहेरच असतो.

'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांतला फरक दाखवत नाही. 'चार वाजता चारा घातला' हे वाक्य देऊन बघा. अक्षरं तीच, उच्चार वेगळे, आणि कुठला कुठं हे अर्थावरूनच ठरतं. म्हणून सुटे शब्द घोकायला देण्यापेक्षा वाक्य द्या.

बोली म्हणजे चूक नव्हे

पुस्तकात होतं, "मी शाळेत गेले, मीना म्हणाली." आमच्यातल्या एकाच्या वाट्याच्या मुलीनं वाचलं, "मी शाळेत गेलो." हा गडी मूळचा पुण्याचा, त्यानं तीनदा दुरुस्त केलं आणि चौथ्यांदा पोरगी गप्प झाली. कोल्हापूरकडं मुली 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. तिनं वाक्य डोळ्यांनी घेऊन, अर्थ लावून, आपल्या तोंडी बसवून बाहेर काढलं होतं, म्हणजे वाचनच केलं होतं. 'आहे'चं 'हाय', 'पाणी'चं 'पानी' यांनाही तोच न्याय. अर्थ बदलला तरच थांबवा. मी स्वतः घरी आजही 'आलो' म्हणते, लिहिताना तेवढी 'आले' होते.

कागद हातात, चेहरा स्क्रीनवर

स्क्रीन शेअरच्या नादी लागू नका. फोनच्या पडद्यावर ओळी मुंग्यांसारख्या दिसतात. महिन्याचा मजकूर झेरॉक्स काढून शाळेत पोचवा, तुमच्याकडं त्याची जुळी प्रत ठेवा आणि पानांना आकडे घाला. मूल कागदावर बोट ठेवून वाचतं आणि टॅब दप्तराला टेकवून उभा राहतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत आणि त्या छापून वाटायला परवानगी आहे.

स्वतः टाइप करून काही दिलंत तर फॉन्ट बघून घ्या. महाराष्ट्रातली मुलं पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' शिकतात, शासनाच्या 2009 च्या निर्णयातही तेच रूप प्रमाण मानलं आहे. संगणकावर मात्र बरेचदा हिंदी वळणाचा दंडयुक्त, म्हणजे उभ्या दांड्याचा, 'ल' उमटतो. मी मोठ्या हौसेनं 'लाल फुलपाखरू' टाइप करून पाठवलं आणि पोरानं पहिल्याच अक्षराला विचारलं, "ताई, हे कुठलं?" आपल्याला कधी दिसलाच नव्हता हा फरक.

पाऊस आणि ऊस

जूनमध्ये सुरुवात करू नका, हे आता कळलंच असेल. घाटाकडच्या गावांत पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाच्या. तोवर शाळाभेट, संमती, झेरॉक्स उरकून घ्या आणि गौरी-गणपती झाले की कॉल सुरू करा. कॉल तुटला तर दोनदा लावून बघा, नाहीतर त्या दिवशीचं पान तुम्ही वाचून व्हॉइस मेसेज बाईंना पाठवा.

दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम लागतो, साधारण मार्चपर्यंत. तोडणी टोळ्यांबरोबर आलेली मुलं या चार-पाच महिन्यांत एका शाळेतून दुसरीत जातात, नाहीतर कुठंच जात नाहीत. शाळा बदलली तरी सोबती तोच राहू शकतो, ही ऑनलाइनची खरी जमेची बाजू. टोळी परत जायच्या आत बाईंकडून गावाकडच्या शाळेचा संपर्क आणि पालकांची नव्यानं परवानगी घेऊन ठेवा.

नोंद आणि निरोप

प्रत्येक कॉलनंतर तीन ओळी लिहा: कुठलं पान, काय अडलं, पुढं काय. दर सहा आठवड्यांनी पातळी पुन्हा बघा आणि बाईंना सांगा. रंगीत तक्ता करून साहेबांना दाखवायचा असेल तर दाखवा, त्यात मुलांची नावं घालू नका.

नोकरी बदलताय, बाळंतपणाची रजा आहे, काहीही असो, मुलाला तीन आठवडे आधी सांगा आणि पुढच्या सोबत्याला दोन कॉल शेजारी बसवा. शेवटच्या कॉलला मुलानं आख्खी गोष्ट घरच्या कुणाला तरी वाचून दाखवायची, आणि तुम्ही म्यूट करून कॅमेरा बंद ठेवायचा. त्या 'गेलो'वालीनं आजीसमोर बसून वाचलं. मधेच आजीनं विचारलं, "पलीकडं कोन हाय का न्हाई?" पोरीनं पानावरचं बोट न उचलता सांगितलं, "हायत की. ऐकायला लागल्यात."