फाटक्या खिशाचा डिटेक्टिव्ह लिहिताना या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी मालिकांच्या संहिता वाचते आणि दुरुस्त करते. पुण्यातली नवी मुलं आता गुन्हेकथा भरपूर लिहितात, याचा मला आनंद आहे. पण जवळपास प्रत्येक संहितेत एकच माणूस भेटतो. दाढी वाढलेली, टेबलावर बाटली, बायको सोडून गेलेली, भिंतीवर दोऱ्यांनी जोडलेले फोटो आणि खिडकीबाहेर पाऊस. एवढं लिहिलं की परिस्थितीने गांजलेला खासगी डिटेक्टिव्ह तयार झाला, असं लिहिणाऱ्याला वाटतं. त्या माणसाकडे पैसे नाहीत हे मात्र पन्नास पानांत कुठे जाणवत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. गरिबीला वेशभूषा समजायचं.

एका तरुण लेखकाची दहा भागांची मालिका माझ्याकडे आली होती. नायकाचं ऑफिस बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच प्रसंगात घरमालक तीन महिन्यांचं थकलेलं भाडं मागतो. उत्तम सुरुवात. चौथ्या भागात हाच नायक संशयिताच्या मागे भाड्याच्या गाडीने महाबळेश्वरला जातो, हॉटेलात दोन रात्री राहतो आणि वेटरच्या हातात पाचशेची नोट ठेवतो. एरंडवण्यात एका हॉलमध्ये वाचन ठेवलं होतं. नायकाची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाने तिथे चष्मा काढून विचारलं, "अरे, याच्या गाडीचे पैसे कोणी दिले?"

लेखक म्हणाला, "काका, प्रेक्षकांच्या ते लक्षात येत नाही."

"माझ्या येतंय ना. करायचंय मला."

पुढचे चार दिवस आम्ही तो भाग नव्याने लिहिला. खिशात पैसे नाहीत, म्हणून नायक स्वारगेटवरून एसटीने निघाला. एसटीने गाडीचा पाठलाग होत नाही. तो पोचेपर्यंत संशयित खोली सोडून गेलेला. मग आमच्या नायकाला खोली आवरणाऱ्या बाईशी बोलावं लागलं. खोलीत दोन माणसं उतरली होती, पण एकच पलंग वापरलेला होता, दुसऱ्यावरची चादर मोडलीसुद्धा नव्हती, हे तिच्याकडून कळलं. पुढचे दोन भाग त्या एका चादरीतून निघाले. गाडी असती तर ती चादर कधीच सापडली नसती.

तेव्हापासून मी प्रत्येक लेखकाला डिटेक्टिव्हची वही करायला लावते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. भाडं, वीजबिल, पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, आईची औषधं, अशिलाने दिलेला ॲडव्हान्स. भाग संपला की शिल्लक काढायची. ती वाढली असेल तर कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात, हे लेखकाला ठाऊक हवं. हे कंटाळवाणं आहे, मान्य. ज्यांना दोन आठवड्यांत दहा भाग संपवायचे असतात ते ही वही करत नाहीत, आणि त्यांची कथा सहाव्या भागापर्यंत कोसळते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता वही असल्याशिवाय संहिता हातातच घेत नाही.

या प्रकारातली अमेरिकन मालिका अभ्यासायची असेल तर 'द रॉकफर्ड फाइल्स' पाहा. १९७४ ते १९८० या काळात ती एनबीसी वाहिनीवर चालली. जेम्स गार्नरचा नायक मालिबूच्या समुद्रकाठी एका ट्रेलरमध्ये राहतो, दिवसाला २०० डॉलर अधिक खर्च असा दर सांगतो, आणि ते पैसे बरेचदा बुडतात. पिस्तूल तो बिस्किटांच्या बरणीत ठेवतो. न केलेल्या गुन्ह्यासाठी तो तुरुंगात राहून आलाय, पण कथा त्या दुःखाभोवती घुटमळत नाही, ती बुडालेल्या बिलांवर चालते. मात्र तिथला ट्रेलर उचलून खडकवासल्याच्या काठावर आणून ठेवू नका. एका संहितेत तसं केलेलं होतं. आपल्याकडे असा माणूस बहिणीच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये झोपतो आणि सकाळी भाचीची शाळेची व्हॅन यायच्या आत गादी गुंडाळतो.

माझ्या रागाची दुसरी जागा म्हणजे "तुझं लायसन्स रद्द करीन" हे वाक्य. दर तिसऱ्या संहितेत इन्स्पेक्टर हे बोलतो. कोणतं लायसन्स? भारतात खासगी डिटेक्टिव्हला परवाना देणारा केंद्रीय कायदाच नाही. २००७ साली राज्यसभेत तसं विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. २००५चा जो कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी. म्हणजे हे वाक्य परदेशी मालिकेतून सरळ उतरवलेलं आहे, आणि लिहिणाऱ्याने एकदाही शोधून पाहिलं नाही याचं मला वाईट वाटतं. कारण खरी परिस्थिती नाटकासाठी कितीतरी चांगली आहे. परवाना नाही म्हणजे दाखवायला सरकारी ओळखपत्रही नाही. प्रत्येक दार त्याला बोलूनच उघडावं लागतं. आणि इन्स्पेक्टरला धमकी द्यायचीच असेल तर पाठलाग केल्याचा किंवा घरात घुसल्याचा गुन्हा दाखल करायची देता येते. त्यात नायकाचं खरंच नुकसान आहे.

सीडीआर, म्हणजे एखाद्या नंबरवरच्या कॉलच्या नोंदी, त्याबद्दलही तेच. मित्राला फोन करून दोन मिनिटांत कोणाच्याही कॉलची यादी मिळत नाही. खासगी माणसाने ती मिळवणं बेकायदा आहे. नायकाला ती मिळवायचीच असेल तर तो गुन्हा करतोय हे कथेला कळू द्या.

रिव्हॉल्व्हर नकोच. भाडं थकलेल्या माणसाकडे परवान्याचं शस्त्र कुठून येणार?

हद्द तपासा. मृतदेह वाकडला सापडतो आणि पुणे शहरातल्या फरासखाना पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर पंचनामा करतो, असं लिहू नका. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८पासून वेगळं आहे. वाकड, हिंजवडी तिकडे जातात. कथा १ जुलै २०२४नंतरच्या गुन्ह्याची असेल तर खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. जुना हवालदार सवयीने जुन्या दंड संहितेतलं "तीनशे दोन" म्हणाला तर चालेल, कागदावर चालणार नाही.

पाळतीच्या प्रसंगांत सगळे नायकाला गाडीत बसवतात. पेठेतल्या गल्लीत कोणी दोन तास गाडीत बसून दाखवावं. माझ्या एका विद्यार्थिनीला मी शनिवार पेठेत नुसतं उभं राहायला पाठवलं. वीस मिनिटांत तिघांनी तिला "कोण पाहिजे?" विचारलं. त्यातल्या एका आजींनी तर ती ज्या घराकडे बघत होती त्या घराची सगळी माहितीही दिली. तो प्रसंग तिने तसाच लिहिला आणि तो तिच्या मालिकेतला सर्वांत चांगला प्रसंग आहे. पी-१, पी-२च्या म्हणजे सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या पाट्या असलेल्या रस्त्यावर तारीख चुकली तर स्कूटर उचलली जाते, हेही वापरा. दंड वहीत नावे टाका.

तिसऱ्या भागात कथा अडकली, तर बहुतेक वेळा अशील पोलिसांकडे का गेलं नाही, हेच ठरलेलं नसतं. खून झाल्यावर कोणी खासगी डिटेक्टिव्हकडे जात नाही. त्याच्याकडे येतात ते लग्नाआधीच्या चौकशीसाठी, जोडीदारावरच्या संशयापोटी, पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचं खरं उत्पन्न शोधायला, कंपनीत घेतलेल्या माणसाचा आधीचा अनुभव पडताळायला. कथा तिथून सुरू करा. खून हवाच असेल तर त्या चौकशीच्या पोटातून येऊ द्या.

आणि पुरावा. "वॉरंटशिवाय मिळवलाय, कोर्ट फेकून देईल" हेही अमेरिकेचंच. आपल्याकडे पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आणि खरा आहे का, हे न्यायालय आधी बघतं. टेप केलेल्या फोनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली आर. एम. मलकानी खटल्यात तेच म्हटलं होतं. मात्र मोबाइलमधले फोटो द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तुमच्या नायकाला शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात साक्षीला उभं करता येईल. समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, "या कामाचे तुम्हाला किती पैसे मिळाले?" तो प्रश्न जरूर लिहा. उत्तरासाठी वही उघडा, आणि अशिलाने अजून काही दिलं नसेल तर अशिलासमोरच नायकाला "शून्य" म्हणू द्या.