आठवणी रोज लिहायच्या तर

आत्मकथन बहुतेकदा 'माझा जन्म अमुक साली झाला' या वाक्यापाशीच अडते. जन्मापासून क्रमाने लिहायला घेतले की पहिली काही पाने ऐकीव माहितीतच जातात आणि हुरूप तिथेच संपतो. म्हणून क्रमाचा नाद सोडा. तो शेवटी लावता येतो.

पहिल्या दिवशी लिहू नका, यादी करा. तीस आठवणी, प्रत्येकी चार-पाच शब्दांत: 'नौपाड्यातली भाड्याची खोली', 'वागळे इस्टेटमधली रात्रपाळी', 'तलावपाळीवर भावाशी भांडण'. मग रोज त्यातली हवी ती उचला. 'आज काय लिहू?' हा प्रश्न महिनाभर तरी पडणार नाही.

वेळ ठेवा वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. ती रोजच्या एखाद्या कामाला जोडा: चहा झाला की लगेच, पेपर उघडण्याआधी. मोबाइल आधी हातात आला तर ती वीस मिनिटे गेलीच. ठाण्याहून सकाळची लोकल धरणाऱ्यांनी हे रात्री जेवणानंतर करावे. गर्दीत फार तर यादीत एखादी ओळ वाढते. हाताने वीस मिनिटांत दीडशे शब्द सहज होतात. म्हणजे आठवड्याला 750, आणि सणवार-आजारपण वगळून 48 आठवडे धरले तरी 36,000. एवढ्यात छोटेखानी पुस्तक होते.

घड्याळ वाजले की वाक्य अर्धे असले तरी थांबा आणि पुढे काय येणार ते दोन शब्दांत समासात टिपा. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पेन चालू लागते. कालचे पान मात्र वाचत बसू नका. दुरुस्तीच्या नादात नवे लिखाण थांबते, आणि बहुतेकांची सवय तिथेच मोडते.

दोनशेपानी वही घ्या. उजव्या पानावर लिहा, डावे कोरे सोडा. साल किंवा नाव आठवले नाही तर जागा सोडून पुढे चला आणि शंका डाव्या पानावर नोंदवा. या शंका महिन्यातल्या एका रविवारी एकत्र काढा. जुने पास, गुणपत्रिका, लग्नपत्रिका घरातच सापडतात. स्मरणशक्ती आजचा रस्ता कालच्या प्रवासाला बेमालूम जोडते. '1988 मध्ये ठाण्याहून लोकलने वाशीला गेलो' असे लिहिले असेल तर काहीतरी चुकले आहे: वाशीला लोकल आली 1992 मध्ये, तीही मानखुर्दकडून, आणि ठाणे-वाशी गाडी 2004 मध्ये. एक तर साल चुकले, नाही तर तो प्रवास एसटीचा होता.

लिहिताना शेरे टाळा. 'पाण्याची फार टंचाई होती' यातून काहीच दिसत नाही. 'पहाटे साडेचारला नळ यायचा, आदल्या रात्रीच कळशा रांगेत लागायच्या, आमची चेपलेली असल्याने ओळखू यायची' असे लिहिले की चाळ उभी राहते.

दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी तासभर बसून भरपाई करू नका. पुन्हा वीसच मिनिटे. आणि पहिले तीन महिने वही घरात कोणाला दाखवू नका. 'असं झालंच नव्हतं' हे बहिणीचे एक वाक्य चार दिवसांचे लिखाण बंद पाडते. तिची आठवण वेगळी असेल तर ती नंतर डाव्या पानावर घ्या, तिच्याच शब्दांत.